‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ : आधी कादंबरी वाचावी की चित्रपट पाहावा?

आधी चित्रपट पाहा. डायना विन जोन्स यांची कादंबरी १९८६ची, हायाओ मियाझाकींचा चित्रपट २००४चा. दोन्ही मला मनापासून आवडतात, पण वेगवेगळ्या कारणांसाठी.

कादंबरीची खरी गंमत तिच्या नायिकेत, सोफीमध्ये आहे. तीन बहिणींत थोरली म्हणजे परीकथेच्या नियमाने अपयश ठरलेलंच, असं ती धरूनच चालते. टोप्या शिवता शिवता ती त्यांच्याशी बोलते, ‘तुझं श्रीमंताशी लग्न होईल’ असं एकीला सांगते, आणि ती टोपी घेणारीचं नशीब खरोखरच उघडतं! आपल्या बोलण्यात जादू आहे हे तिला मात्र बराच काळ कळत नाही. चित्रपटात हा धागा जवळजवळ नाहीच. जादूगार हाउल मूळचा आपल्या खऱ्या जगातल्या वेल्सचा, हेही तिथे गाळलंय.

त्याऐवजी मियाझाकींनी युद्ध पुढे आणलं. शिवाय शापाने म्हातारी झालेली सोफी झोपेत पुन्हा तरुण दिसते. एकही संवाद नसताना तिचं मन कळतं. हे चित्रपटालाच जमावं.

पुस्तक आधी वाचलं तर काय काय गाळलंय हेच मोजत बसाल. चित्रपटानंतर वाचलंत, तर उत्तरार्ध जवळपास नवी गोष्ट वाटेल.