इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसने दारिद्र्याला पत्नी मानलं. ज्यू गूढवादात असं काही आहे का?

आहे. फक्त तिथे दारिद्र्य माणसाच्या नाही, थेट देवाच्या घरात आहे.

आधी फ्रान्सिसचं (मृत्यू १२२६) बघू. बाप कापडाचा मोठा व्यापारी. या पठ्ठ्याने बिशपसमोर अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून बापाच्या हवाली केले. दारिद्र्याशी लग्नाचं रूपक मात्र रंगवलं ते मुख्यतः त्याच्यानंतरच्या लोकांनी. इटालियन कवी दान्ते म्हणतो, ख्रिस्त हा या दारिद्र्य-नवरीचा पहिला नवरा. तो गेल्यावर अकराशेहून जास्त वर्षं या विधवेला कुणी विचारलं नाही. असिसीच्या खालच्या चर्चमध्ये छतावर हे लग्नच चितारलंय. ख्रिस्त स्वतः लग्न लावतोय, नवरी अगदी लंकेची पार्वती! फाटका झगा, पाय काट्यांत, अंगावर कुत्रं भुंकतंय आणि पोरं दगड-काठ्या घेऊन तिला सतावताहेत. मागे गुलाब फुललेत, तेवढाच काय तो शृंगार.

माझ्या मते हा संसार खरा निभावला त्याची शिष्या क्लाराने. जमीनजुमल्याशिवाय बायकांचा मठ चालेल हे पोपच्या गळी उतरत नव्हतं. तिने हेका सोडला नाही. तिच्या नियमावलीवर पोपची मोहोर उठली ९ ऑगस्ट १२५३ ला. दोन दिवसांनी ती गेली. पुढे १३२३ मध्ये दुसऱ्या एका पोपने ‘ख्रिस्त आणि त्याच्या प्रेषितांच्या मालकीचं काहीच नव्हतं’ असं म्हणणंच पाखंड ठरवलं.

आता ज्यू बाजू. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कास्तिलमध्ये ज्यू गूढवादाचा ‘झोहर’ हा ग्रंथ प्रकटला. त्यात ईश्वराची दहा रूपं आहेत. दहावं शेखिना: कन्या, वधू, राणी. आणि हीच राणी निष्कांचन! तिचं स्वतःचं काही नाही. चंद्राला सूर्याचा, तसा तिला वरच्या रूपांचा प्रकाश. माणसं पाप करतात तेव्हा वरून येणारा ओघ आटतो आणि ती लोकांबरोबर वनवास भोगते. म्हणून साधकाने स्वतः कफल्लक व्हायचं नाही. प्रार्थना, धर्माचरण, दानधर्म करून तिची ओटी भरायची. लग्न, मुलंबाळं हे कर्तव्यच. ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ तालमूद तर बजावतो की दानात पाचव्या हिश्श्याहून जास्त उधळू नये.

एकाचं दुसऱ्याने घेतलं का? झोहरच्या उत्तरकालीन भागांत श्रीमंतांवर कोरडे आहेत, गरीब विद्वानांचं कौतुक आहे; इतिहासकार यित्झाक बेर यांना त्यात फ्रान्सिस्कनांची, म्हणजे फ्रान्सिसच्या पंथातल्या साधूंची, छाया दिसली. आर्थर ग्रीन आणि पीटर शेफर हे अभ्यासक शेखिनेचा संबंध बाराव्या शतकातल्या मरियाभक्तीशी (मरिया म्हणजे ख्रिस्ताची आई) जोडतात. मला हे दुसरं जास्त पटतं, पण एका अटीवर: मरियाला कितीही वर चढवली तरी ती माणूसच राहते, शेखिना देवाचाच अंश. फ्रान्सिसची नवरी तर देवीही नाही, मूर्तिमंत केलेला एक सद्गुण. ख्रिस्ती बाजूला देवातलं स्त्रीत्व शोधायचं असेल तर ख्रिस्ताला आई म्हणणाऱ्या नॉर्विचच्या ज्युलियन या इंग्लिश गूढवादी बाईकडे जा. तिच्यावर वेगळा प्रश्न टाकलात तर सवडीने लिहीन.