एजंटची मांडणी जपून ठेवताना
केवळ सिस्टिम प्रॉम्प्टची (एजंटने कसे वागावे हे सांगणाऱ्या मूळ सूचनांची) प्रत काढून ठेवली म्हणजे एआय एजंटचा, म्हणजे भाषा-मॉडेलच्या आधारे कामे करणाऱ्या प्रोग्रॅमचा, बॅकअप झाला, असे समजू नका. मॉडेलचे आवृत्तीसह नाव, टेम्परेचर (उत्तरांत किती वैविध्य असावे हे ठरवणारी सेटिंग) आणि जोडलेल्या टूल्सचे स्कीमा (प्रत्येक टूलला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचे वर्णन) सोबत नसतील, तर तोच प्रॉम्प्ट दुसरीकडे वेगळा वागू शकतो. हे सारे जेसन किंवा यामल अशा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून गिटमध्ये (फाइलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवावे, म्हणजे कोणत्या बदलानंतर उत्तरे बिघडली हे ओळीओळीने ताडून पाहता येते. एपीआय की (सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) मात्र त्या फाइलमध्ये कधीही लिहू नये, कारण एकदा कमिट झालेली (गिटमध्ये नोंदली गेलेली) किल्ली पुढच्या कमिटमध्ये पुसली तरी इतिहासात राहतेच, आणि मग ती रद्द करून नवी घेण्यावाचून गत्यंतर नसते. व्हेक्टर इंडेक्सपेक्षा (एजंटला शोधता यावे म्हणून कागदपत्रांचे आकड्यांत रूपांतर करून बनवलेल्या सूचीपेक्षा) मूळ कागदपत्रे जपणे मला अधिक मोलाचे वाटते. कारण हे रूपांतर करणारे एम्बेडिंग मॉडेल बदलले की इंडेक्स नव्याने बांधावाच लागतो. निर्यात केलेली मांडणीची फाइल रिकाम्या प्रकल्पात आयात करून एकदा एजंट चालवून पाहावा.