बांबोळीची फाईल लपवू का?

गोव्यातल्या डिचोलीजवळच्या एका मुलीचं पत्र आहे. आपत्कालीन कॉल घेणाऱ्या केंद्रातल्या नोकरीची लेखी परीक्षा ती पास झाली, आता मानसशास्त्रीय चाचणी आहे. वडील हृदयविकाराने अचानक गेल्यावर तिने बांबोळीच्या मनोविकार संस्थेत काही महिने उपचार घेतले होते. भाऊ म्हणतो, ब्र काढू नकोस. मैत्रिणीने ‘बरोबर उत्तरं’ पाठवलीत. ती पाठ करू का, असं ती विचारते.

नको गं बाय. पाठ केलेली उत्तरंच घात करतील. अशा चाचण्यांतली नावाजलेली एमएमपीआय १९४३ साली अमेरिकेत आली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत ५६७ विधानं आहेत आणि प्रत्येकाला ‘खरं’ किंवा ‘खोटं’ एवढंच म्हणायचं असतं. मला कधीकधी राग येतो, अशा धर्तीची विधानं त्यात मुद्दाम पेरलेली असतात. त्यांना सरसकट ‘खोटं’ म्हणणारा स्वतःला रंगवून दाखवतोय, हे तपासणाऱ्याला कळतं. तोच प्रश्न फिरवून विचारून उत्तरं जुळतात का, तेही पाहतात.

मुळात त्यांना संत नकोय. पलीकडे बाई किंचाळतेय, पत्ता विचारला तर नुसतं ‘देवळाकडे’ म्हणतेय, आणि तू टाइप करता करता शांतपणे विचारायचंस, कुठलं देऊळ, कुठला वाडा? रुग्णवाहिका निघते, फोन तुटतो, लगेच दुसरा वाजतो. पहिला माणूस वाचला का, हे बहुतेकदा कळतच नाही. ते न कळणं घेऊन पुढचा फोन उचलता येतो का, हे बघायचं असतं.

उपचारांचं आपणहून सांगत बसू नकोस. पण थेट विचारलं किंवा अर्जात लिहायचं असेल तर खोटं लिहू नकोस. उपचार घेतले म्हणून नोकरी जाण्यापेक्षा लपवले म्हणून जाण्याचा धोका मोठा. ‘वडील गेले, झोप उडाली, डॉक्टरांकडे गेले, आता बरी आहे,’ एवढं पुरे. भावाची भीती मला समजते. गावात बांबोळीचं नाव काढलं की लोक कुजबुजतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची गुप्तता हा तुझा हक्क आहे. नोकरी देणाऱ्याने नुसती मागितली म्हणून ती फाईल त्याला देता येत नाही.

मला काळजी वेगळीच आहे. छातीत कळ आलेल्या कुणाच्या तरी बाबांसाठी रडत केलेला फोन तुझ्या वाट्याला येणारच, कदाचित पहिल्याच आठवड्यात. म्हणून चाचणीआधी त्याच डॉक्टरांना एकदा भेट आणि हेच विचार. मुलाखतीत तूही विचार, की वाईट कॉलनंतर थोडा वेळ उठता येतं का, समुपदेशक असतो का, सलग किती रात्रपाळ्या लागतात. ओपीडीची तारीख मिळेपर्यंत जीव घाबरा झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, रात्रीसुद्धा.