शेतीसंरक्षणाची नवी बंदूक: पावसाळ्यापूर्वीचा सल्ला

प्रश्न १ (देवगड तालुका, आंबा बागायतदार): वडिलांच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीऐवजी आता मला शेतीसंरक्षण परवान्यावर बारा बोअरची नवी काडतुशी बंदूक मिळाली आहे. मी आजवर एकही बार काढलेला नाही. सुरुवात कशी करू?

प्रश्न २ (दोडामार्ग तालुका, महिला शेतकरी): घरात बंदूक आली आहे आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे. ती ठेवायची कशी? माकडांनी नारळ, केळी काही ठेवलेलं नाही. त्यांच्यावर चालवली तर चालते का?

प्रश्न ३ (कुडाळ तालुका): पावसात बंदूक गंजते. खोबरेल तेल लावलं तर चालेल काय?

उत्तर:

ताईंचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याबाबत गावोगाव चुकीची समजूत आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. परवाना मिळतो 1959 च्या शस्त्र कायद्याखाली, जिल्हाधिकारी कार्यालयातून. वन्यप्राण्यावर छर्रा झाडायचा तर लागू होतो 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, आणि त्याची परवानगी वन खातं देतं. एक कागद खिशात आहे म्हणून दुसरा मिळाला असं होत नाही. गवा त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, त्याच्यावर नेम धरायचा विचारही करू नका. रानडुकराने उभं भात लोळवलं तर वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या. परवानगी हातात पडली की तिच्यातल्या अटी वाचा आणि त्या अटींतच राहा. माकड आणि वानर यांच्याबाबतही वन खात्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. जनावर अंगावर आलं आणि जीव वाचवण्यासाठी बार काढावा लागला, तर कायदा ते समजून घेतो. पण तेव्हाही लगेच वन खात्याला आणि पोलिसांना कळवायचं.

“मगे बंदूक घेवन काय आरती करू?” असं एका काकांनी मला बैठकीत विचारलं होतं. त्यांचा राग मला कळतो. काजूच्या बिया आणि शहाळी डोळ्यांदेखत जाताना माणूस शांत राहू शकत नाही. पण बंदुकीचा खरा उपयोग आहे तो आवाजासाठी, आणि रात्री राखणीला एकट्याने बसलेल्या माणसाच्या धीरासाठी. आवाजाला माकडं दोन-चार दिवस बिचकतात, मग सरावतात, हेही मी तुमच्यापासून लपवत नाही. म्हणून सौर कुंपण, कुत्री आणि वाडीतल्या चार घरांनी मिळून पाळीपाळीने केलेली राखण यांना बंदुकीची जोड द्या. एकट्या बंदुकीवर विसंबू नका. विजेचा करंट सोडणं आणि फासक्या लावणं हा गुन्हा आहे, आणि त्यात पहिलं मरतं ते आपलंच जनावर, नाहीतर शेजारचा पोरगा.

आता देवगडच्या बागायतदारांचा प्रश्न. ठासणीच्या बंदुकीवर वडिलांचा हात बसलेला होता, तरी काडतुशी बंदुकीची सवय वेगळी. ठासणीची भरायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात माणूस विचार करतो. काडतूस आत सरकवायला दोन सेकंद पुरतात, म्हणून विचार आधी करून ठेवायचा. परवान्यासाठी शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते कागदापुरतं उरकू नका. शिकवणाऱ्याला थांबवून पुन्हा पुन्हा विचारा.

नवी बंदूक घरी आली की पहिले आठ-दहा दिवस काडतुसं तिच्या जवळसुद्धा आणू नका. कारखान्यातून येताना नळीच्या आत गंज धरू नये म्हणून ग्रीसचा जाड थर दिलेला असतो. तो पुसल्याशिवाय बार काढायचा नाही. बंदूक बिजागरीवर उघडा, नळी उजेडाकडे धरा आणि मागून आत पाहा. आतून आरशासारखी गोल चकाकी दिसली पाहिजे. कुठे सावली, ठिपका, चिंधीचा धागा दिसला तर पुन्हा सफाई.

हे मी एवढं का सांगतो, ते ऐका. आपल्याकडे कुंभारीण माशी असते ना, भिंतीच्या कोपऱ्यात मातीची घरटी करणारी, तिला बंदुकीची नळी फार आवडते. आमच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या घरात, खुंटीला टांगलेल्या बंदुकीच्या तोंडात तिने आठवड्याभरात मातीचं बूच बसवलं होतं. बाहेरून बघून कळलं नसतं. मी गज आत घातला तेव्हा तो अर्ध्यावर अडला, आणि मागून ढोसल्यावर वाळलेल्या मातीच्या ढेपळ्याबरोबर त्या माशीने पिल्लांसाठी कोंबून ठेवलेले पाच-सहा कोळी खाली पडले. त्या बुचावर कोणी बार काढला असता तर नळी फुटून डावा हात गेला असता. नळीत माती, चिखल, कापडाचा बोळा, काही म्हणता काही अडकलेलं चालत नाही. राखणीला जाताना, आणि दगडी गडग्यावरून उतरताना नळीचं तोंड जमिनीला टेकलं असेल तर तेव्हाही, काडतूस काढा आणि आतून पाहा.

काडतूस घेताना नळीवर किंवा नळीच्या बुडाशी कोरलेलं नीट वाचा. 12/65 किंवा 12/70 असं काहीतरी असतं. दुसरा आकडा म्हणजे काडतुसाच्या घराची, म्हणजे नळीत ते बसतं त्या जागेची लांबी, मिलिमीटरमध्ये. 65 च्या घरात 70 चं काडतूस बसतं. पण बसतं म्हणजे चालतं असं नव्हे. उडाल्यावर त्याचं तोंड पूर्ण उलगडत नाही आणि दाब भलताच वाढतो. कोणाकडे वीस बोअरची बंदूक असेल तर तिची काडतुसं तुमच्या डब्यात कधीच येऊ देऊ नका. वीसचं काडतूस बारीक असतं, ते बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागे जागा रिकामी दिसते, माणूस बाराचं काडतूस घालतो आणि मग नळी फुटते.

छर्ऱ्यांचा नंबर जेवढा मोठा तेवढा छर्रा बारीक. चार, सहा, आठ नंबरचे बारीक, बी.बी. त्याहून मोठे, एस.जी. आणि एल.जी. म्हणजे मोजके पण जाड. बारीक छर्ऱ्यांचा जोर पस्तीस-चाळीस मीटरपर्यंत खरा, तरी सहा नंबरचा छर्रा दोनशे मीटरच्या आसपास जाऊ शकतो. एल.जी. तर अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडे जातो. आपल्या वाड्या कशा आहेत ते बघा: एका कलमाआड घर, घराआड पाणंद, पाणंदीवरून शाळेची पोरं. म्हणून आवाजासाठी बार काढायचा तर वर आभाळात नको, समोरच्या डोंगरउताराच्या मऊ मातीत. जांभ्याच्या सड्यावर, कातळावर किंवा पाण्यावर कधीच नको, छर्रा उसळून भलतीकडे जातो. छर्रे नसलेली, नुसत्या आवाजाची काडतुसं मिळतील का, हे परवानाधारक विक्रेत्याला विचारा. मिळाली तर राखणीला तीच बरी. मात्र तीही माणसाकडे रोखायची नसतात.

धरायची रीत अशी. उजव्या हाताचा माणूस असेल तर डावा पाय अर्धं पाऊल पुढे, वजन पुढच्या पायावर. दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट, गाल दस्त्याला टेकलेला. सैल धरलात तर खांदा निळा-काळा होईल. दुसऱ्या बाराला मग माणूस डोळे मिटून चाप ओढतो, ते जास्त वाईट. दोन्ही डोळे उघडे ठेवा. चापावर बोट बार काढायच्या क्षणीच, तोवर ते चापाच्या कडीबाहेर सरळ. कानांत बोळे घाला. ज्यांनी आयुष्यभर उघड्या कानांनी बार काढले ते आज बैठकीत पहिल्या बाकावर बसतात, तरी ऐकू येत नाही. जोडनळी असेल तर एका वेळी एकच चाप, आणि दुसऱ्या नळीत काडतूस आहे हे विसरू नका. चाप ओढला आणि काही झालं नाही, तर नळीचं तोंड मातीकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग उघडा. काडतूस उशिरा पेटू शकतं. आवाज नेहमीसारखा कडक न येता नुसतं ‘फुस्स’ झालं, तर पुढचं काडतूस भरू नका. काडतुसातला बोळा नळीत अडकला असेल. रिकामी करा आणि उजेडाकडे धरा.

रात्रीचं एक वेगळं सांगतो आणि कळकळीने सांगतो. आपल्या जिल्ह्यात अंधारात पानं सळसळली म्हणून बार काढला गेला आणि पडला तो बरोबरच्याच सोबत्याच्या अंगावर, असं घडलेलं आहे. भात पसवायला लागलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात राखणीला बसणारी माणसं वाढतात, आणि शेजारच्या कुणग्यातही, म्हणजे भातखाचरातही, कोणीतरी बसलेलं असतं. आवाजावर, हलणाऱ्या झुडपावर, चमकणाऱ्या डोळ्यांवर बार काढायचा नाही. संपूर्ण जनावर आणि त्याच्या पाठीमागची माती, दोन्ही बॅटरीच्या उजेडात दिसली नाहीत तर बंदूक खाली. राखणीला बसण्याआधी शेजाऱ्याला हाक मारून सांगा, आणि दारू पिऊन बंदुकीला हात लावणाऱ्याकडून ती काढून घ्या, मग तो सख्खा भाऊ असला तरी.

मी लहान असताना काकांनी भरलेली बंदूक अंगणाच्या गडग्याला टेकवून ठेवली होती. आमचा कुत्रा शेपूट हलवत तिथून गेला, बंदूक घसरली, घोडा दगडावर आपटला. छर्रे गेले ते माडात. त्या माडाच्या बुंध्यावरचे काळे खळगे मी अजून दाखवू शकतो. माझ्या छातीच्या उंचीवर आहेत. त्या वेळी माझी आजी तिथून पाच पावलांवर तांदूळ पाखडत होती. भरलेली बंदूक टेकवून ठेवायची नाही, टांगायची नाही, घरात आणायची नाही. उंबरठ्याबाहेर काडतूस काढायचं. गाडीवरून नेताना रिकामी, कव्हरात, परवाना बरोबर.

ताई, आता तुमच्या घराचं. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या तुमच्या कमरेला किंवा यजमानांकडे, देवघरात नाहीत. पोरांना किल्लीची जागा आपल्या आधी ठाऊक असते. मुलाला नुसतं घाबरवू नका. दोघांनी बसून एकदा रिकामी बंदूक दाखवा, ती काय करते ते सांगा आणि हात लावायचा नाही हे ठणकावून सांगा. ज्याच्या नावावर परवाना नाही अशा भावाने, भाच्याने, गड्याने ती चालवायची नसते. परवान्यात आणखी कोणाचं नाव घालता येतं का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

कुडाळच्या भावांसाठी: खोबरेल नको. ते काही दिवसांनी चिकट होतं, खवट होतं, थंडीत गोठतं, आणि त्यात धूळ बसून घोड्याचा भाग जाम होतो. बंदुकीसाठी मिळणारं पातळ तेल घ्या, अडचणीला शिलाई मशीनचं चांगलं तेल चालतं. तेल म्हणजे ओघळ नव्हे, बोटाला जेमतेम लागेल एवढा पातळ हात. बार काढल्यावर त्याच संध्याकाळी गजाला पितळी ब्रश लावून नळी घासा, मग सुती चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत फिरवा, मग तेलाची चिंधी. शिशाचा अंश हाताला लागतो, म्हणून जेवणाआधी साबणाने हात धुवा. ज्यांच्याकडे अजून ठासणीची आहे त्यांनी रॉकेलवर भागवू नये. बंदुकीच्या काळ्या दारूची राख क्षारांची असते, ती ओल ओढून घेते आणि रॉकेलने विरघळत नाही. गरम पाणी आणि साबण, मग खडखडीत कोरडी करून तेल.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत बार काढला नसला तरी आठवड्यातून एकदा पुसा. समुद्राकाठच्या गावांत चार दिवसांनी. खारी हवा आणि घामाच्या बोटांचे ठसे यांनीच सगळ्यात जास्त गंज येतो, म्हणून पुसल्यावर धातूला उघडा हात लावू नका. कातडी कव्हरात पावसाळाभर ठेवू नका, कातडं ओल धरतं. भिंतीला न टेकलेल्या लाकडी कपाटात उभी ठेवा. नव्या वस्तूंच्या खोक्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या त्यात टाका. दस्त्याच्या लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हात. काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीच्या उबेपासून दूर. पितळी बुडावर हिरवा थर दिसला किंवा काडतूस फुगून घरात जाईना, तर ते बाजूला काढा आणि विक्रेत्याला दाखवा. खंडेनवमीला बंदुकीची पूजा करता, जरूर करा. पण हळदकुंकू आणि ओली झेंडूची फुलं रात्रभर राहिली की सकाळी तिथे तांबडा डाग असतो. पूजा झाली की त्याच संध्याकाळी पुसून तेल लावा. आणि लग्नात, जत्रेत हौसेने बार काढणं 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा गुन्हा आहे.

कागदांकडे लक्ष असू द्या. परवाना साधारण पाच वर्षांचा असतो. मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाला द्या. तो कुठल्या हद्दीपुरता आहे ते त्यातच लिहिलेलं असतं, तेव्हा बांद्याकडच्या मंडळींनी बंदूक घेऊन पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडण्याआधी ते वाचावं. पिकाचं नुकसान झालं की वन खात्याला आणि कृषी कार्यालयाला लगेच कळवा, फोटो काढा, पंचनामा होईपर्यंत लोळलेलं भात उचलू नका. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश आला तर देण्याआधी सफाई करून नळीत आणि बाहेरून नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल लावा, आणि पावतीवर बंदुकीचा क्रमांक बरोबर लिहिला आहे ना ते बघा. दोन महिन्यांनी परत घेताना तिथेच बंदूक उघडा, नळी उजेडाकडे धरा, आणि आतून पाहूनच सही करा.