जुन्या छायाचित्रातील शिपायाची पलटण कशी ओळखावी

आपल्या पणजोबांचे स्टुडिओत काढलेले छायाचित्र आपण येथे दिले आहे. ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याला (आजच्या इराकमधील बंदर) गेले होते एवढेच घरात सांगितले जाते, आणि त्यांची पलटण कोणती हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. छायाचित्रात फेटा, खाकी कोट, छातीवर पदकांच्या तीन रिबनी आणि खांद्यावर पुसट पितळी अक्षरे दिसतात. एवढ्यावरून पलटण थेट सांगता येणार नाही. परंतु आधी छायाचित्राचा काळ ठरवला, तर शक्यता बऱ्याच कमी होतात.

बहुतेक जण फेट्यावरून अंदाज बांधू लागतात. फेटा मात्र फार तर शिपायाची जात किंवा प्रांत सुचवतो, आणि स्टुडिओत तो कोणीही हवा तसा बांधून बसू शकत असे. त्यामुळे सर्वांत विश्वसनीय पुरावा म्हणजे खांद्यावरची धातूची अक्षरे, आणि त्याखालोखाल पदके.

रिबनींकडे पाहताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या काळच्या स्टुडिओंत छायाचित्र घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काचा तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या आणि निळ्याला अतिशय संवेदनशील असत; त्यामुळे तांबडा रंग काळपट उमटे आणि निळा पांढुरका. आपल्या छायाचित्रात छातीच्या मध्याकडील पहिली रिबन एका कडेने गडद असून दुसऱ्या कडेकडे फिकट होत जाते. ही ‘१९१४-१५ स्टार’ या पदकाची तांबडी-पांढरी-निळी रिबन असावी, कारण तिची तांबडी कड छातीच्या मध्याकडे ठेवली जाई. दुसरीचा मधला नारिंगी पट्टा गडद आला आहे, म्हणजे ते ब्रिटिश वॉर मेडल. तिसरी मध्ये गडद आणि दोन्ही कडांना उजळ आहे, म्हणजे इंद्रधनुष्यी रंगांचे व्हिक्टरी मेडल. ही शेवटची दोन पदके १९१९ मध्ये जाहीर झाली, म्हणून छायाचित्र त्यापूर्वीचे असू शकत नाही.

आता, पणजोबा मराठा पलटणीत होते असे धरून, दुसरी मर्यादा पाहू. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ हे मराठा पलटणींचे क्रमांक १९२२ च्या पुनर्रचनेत गेले आणि त्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या. खांद्यावर तीन आकडी क्रमांक असेल, तर छायाचित्र बहुधा १९१९ ते १९२२ या अवघ्या तीन-चार वर्षांतले ठरते.

बसरा या नावाने फारसे काही सिद्ध होत नाही, कारण या सहाही पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढल्या. स्टार मात्र बरेच सांगतो. तो १९१५ संपण्यापूर्वी युद्धभूमीवर पोहोचलेल्यांनाच मिळे, आणि तोपर्यंत सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर तेथे असलेल्या मराठा पलटणी म्हणजे १०३, ११० आणि ११७. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात याच तीन पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्यांना शरण जावे लागले. तेव्हा पहिला तपास या तिघींचाच करावा. कोटाच्या कॉलरवर किंवा फेट्यावर बिगुल, म्हणजे लाइट इन्फन्ट्रीचे चिन्ह, दिसत असेल तर १०३ किंवा ११० कडे झुकावे, कारण ११७ तेव्हा लाइट इन्फन्ट्री नव्हती. तथापि, युद्धात एका पलटणीतील माणसे दुसरीत पाठवली जात, म्हणून याला निर्णय न मानता दिशा मानावे.

बाह्यांवरील फितींचाही घोटाळा होतो. दंडावर टोक खाली असलेल्या फिती हुद्द्याच्या: एक लान्सनाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या. डाव्या मनगटाकडील, टोक वर असलेल्या फिती चांगल्या वर्तणुकीच्या असतात. उजव्या मनगटाकडील फिती परदेशी सेवेच्या असून त्या १९१८ पासून मिळू लागल्या. अनेक घरांत वर्तणुकीच्या फितींवरून साध्या शिपायाला हवालदार म्हटले जाते, आणि मग कागदपत्रांत शोध चुकीच्या हुद्द्याने होत राहतो. पदके शिपायाच्या स्वतःच्या उजव्या बाजूला दिसली, तर प्रत उलटी छापली गेली आहे का हे आधी तपासावे. कोटाची बटणे कोणत्या बाजूला लागली आहेत, यावरून ते कळते.

छायाचित्र किमान १२०० डीपीआयवर स्कॅन करावे आणि खांद्याचा भाग मोठा करून पाहावा. मागील बाजूही स्कॅन करावी, कारण पोस्टकार्डाच्या कागदावर स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीची नोंद बरेचदा असते. याहून मोलाची गोष्ट म्हणजे घरात मूळ पदके आहेत का ते शोधणे. स्टारच्या पाठीवर आणि इतर दोन पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी काशाचे निघाले, तर पणजोबा लढाऊ शिपाई नसून लेबर कोअरसारख्या मजुरांच्या दलात असावेत. तीही खडतर सेवा होती आणि तिची नोंद तितक्याच आस्थेने शोधली पाहिजे. कोरलेल्या मजकुराचे फोटो तिरक्या उजेडात काढून येथे द्यावेत. नुसता नंबर पुरणार नाही, कारण प्रत्येक पलटणीचे नंबर स्वतंत्र असल्याने तोच नंबर अनेकांना असे. नाव, नंबर आणि पलटण हे तिन्ही हाती आले, की बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री सेंटरला नेमकी विचारणा करता येईल.