आषाढातला सेल, मार्गशीर्षातलं लग्न

प्रश्न : ताई, मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. आहेराच्या पंचवीसेक साड्या लागतील. लक्ष्मी रोडवर आषाढ सेल लागलाय, तिथूनच घेऊन टाकाव्यात का? सासूबाई म्हणतात, आषाढात बस्ता बांधत नाहीत. यजमान बिनव्याजी हप्त्यांवर फ्रिजही घ्यायचं म्हणताहेत. — एक वाचक, चिंचवड

उत्तर : सासूबाईंचं मोडू नका. नवरीचा शालू, नवरदेवाचे कपडे आणि विहीणबाईंच्या मानाच्या साड्या तुळशीच्या लग्नानंतर बस्त्यातच घ्या. देण्याघेण्याच्या साड्या मात्र खुशाल आत्ता घ्या.

साड्यांच्या दुकानात मी बरीच वर्षं हिशेब लिहिलेत. चातुर्मास लागला की लग्नं थांबतात, आणि श्रावणात मंगळागौरीचा, पाठोपाठ गौरी-गणपतीचा नवा माल यायचा असतो. फडताळं रिकामी करायची म्हणून मालक उन्हाळ्यातल्या लग्नसराईचा उरलेला माल खरोखर उतरवून विकतो. पण त्यातच खास सेलसाठी मागवलेला हलका मालही मिसळलेला असतो. एकाच डिझाइनचे दहा रंग, कोरी करकरीत चिठ्ठी आणि त्यावर खोडलेली मोठी किंमत दिसली, की तो ढीग सोडा. एकेकच नग उरलेल्या साड्या बघा. खरी सवलत तिथे असते.

साडी पूर्ण उलगडायला लावा. विक्रेता कुरकुरेल, कुरकुरू दे. दारापाशी उजेडात न्या. बरेच दिवस एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवर विरतं, रंगही तिथेच उडतो. ब्लाउजपीस आहे ना, तेही पाहा. मांडणीसाठी दर्शनी भागात लावलेल्या साडीचा पदर एका बाजूने फिका पडलेला असतो.

‘दोनवर एक मोफत’ म्हणजे तेहतीस टक्के सूट. नऊशेची साडी सहाशेला पडते, पण तिन्ही घेतल्या तरच. शेजारच्या दुकानात सरळ तीस टक्के सूट असेल, तर तीच साडी सहाशे तीसला एकटी मिळते. तीस रुपयांसाठी नको असलेला रंग गळ्यात कशाला? ‘५० टक्क्यांपर्यंत’मधला ‘पर्यंत’ही नीट वाचा.

बिल घ्याच, आणि घरी आल्यावर त्याच आठवड्यात सगळ्या साड्या पुन्हा तपासा. लग्नाच्या आदल्या दिवशी नव्हे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं असलं, तरी सदोष माल परत घ्यायला नकार देणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा ठरतं. बिलावर मुदत दिली नसेल, तर ती ३० दिवसांची. दुकानदार ऐकतच नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. साड्या जुन्या सुती धोतरात गुंडाळा, जरीला डांबरगोळी लागू देऊ नका आणि अधूनमधून घडी बदला.

फ्रिजचं थोडक्यात सांगते. दुकानात आधी विचारायचं, ‘रोख दिले तर कितीला?’ बिनव्याजी हप्त्यांत बहुतेकदा व्याजाएवढी सूट किमतीतून वजा दाखवतात. रोखीवर तीच सूट मिळत असेल, तर हप्त्यांत ती गेली म्हणून समजा. कार्डावर हप्ते केले, की बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी घेते आणि प्रक्रिया शुल्कही लावू शकते. जुना फ्रिज चालतोय ना? मग लग्न होऊन जाऊ दे.