राणीच्या बागेशेजारचे संग्रहालय

प्रश्न : भायखळ्याच्या संग्रहालयाला आमचे आजोबा ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ म्हणत. त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देणे हे केवळ नामांतर होते, की त्यांचा या वास्तूशी खरोखर संबंध होता?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : संबंध इतका जुना आहे की, नाव उशिरा दिले गेले असेच म्हणावे लागेल. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीचे नमुने गोळा करण्यात आले, त्यांपैकी येथे राहिलेल्या वस्तूंतून हा संग्रह उभा राहिला आणि 1857 मध्ये तो कोटातील टाउन बॅरॅक्समध्ये लोकांसाठी खुला झाला. त्याच वर्षी उठाव झाला, सैनिकांसाठी जागा हवी म्हणून वस्तू घाईघाईने बाहेर काढण्यात आल्या आणि त्या धांदलीत अनेक वस्तूंची मोडतोड झाली. एखादे संग्रहालय तेथेच संपले असते. ते संपले नाही, याचे श्रेय संग्रहालयाचे तेव्हाचे अभिरक्षक (क्युरेटर) डॉ. जॉर्ज बर्डवूड यांच्याबरोबरच जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी यांना आहे. या दोघांनी संग्रहालयाच्या समितीत काम केले, शहरातील धनिकांकडून वर्गणी जमवली आणि स्वतंत्र इमारतीचा आग्रह धरला. 19 नोव्हेंबर 1862 रोजी पायाभरणी झाली. पुढे 1865 मध्ये, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीबरोबर शेअरबाजारही कोसळला व वर्गणीचा ओघ आटला, तेव्हा उरलेले काम सरकारने पूर्ण केले. 2 मे 1872 रोजी संग्रहालयाचे दरवाजे उघडले.

भाऊ दाजी मूळचे गोव्यातील मांद्रे गावचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी ते एक होते, शिवाय अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे प्राच्यविद्यापंडितही होते. वस्तूंमधून इतिहास वाचणाऱ्या माणसाला संग्रहालयाची तळमळ वाटावी, हे मला अत्यंत स्वाभाविक वाटते. 1 नोव्हेंबर 1975 रोजी त्यांचे नाव संग्रहालयाला मिळाले. राजपुत्र अल्बर्ट यांचा, डेव्हिड ससून यांनी दिलेला संगमरवरी पुतळा मात्र आजही मुख्य दालनात उभा आहे, आणि तो तेथेच असावा.

प्रश्न : बाहेरचा दगडी हत्ती कोठून आला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घारापुरीहून. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, परंतु उचलताना त्याचे तुकडे झाले. ते तुकडे बागेत आणले गेले आणि 1914 मध्ये पुन्हा जोडले गेले. जवळ गेल्यास सांधे दिसतात.

प्रश्न : आत मातीच्या बाहुल्या, डबे आणि भांडीच अधिक आहेत. याला कलासंग्रहालय का म्हणावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या प्रश्नात एक समज दडलेला आहे, की कला म्हणजे चौकटीतील चित्र. हे संग्रहालय मुळातच हाताने वस्तू घडवणाऱ्यांसाठी उभे राहिले. येथे बिदरी काम, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची जडणघडण, आहे, सावंतवाडीची लाखेची कलाकुसर आहे, आणि जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने घडलेली, अजिंठ्याच्या नक्षीने सजलेली मातीची भांडीही आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी याच कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स संग्रहालयाचे अभिरक्षक होते, त्यामुळे शाळा आणि संग्रह यांचे नाते घट्ट राहिले. ज्यांना आपण बाहुल्या म्हणता, त्या मृण्मूर्तींत मुंबईतील निरनिराळ्या समाजांचे पोशाख, पगड्या आणि व्यवसाय घडवलेले आहेत. पगडीची प्रत्येक घडी जिथे नेमकी उतरली आहे, तिथे करणाऱ्याने माणसे किती बारकाईने पाहिली असतील याचा विचार करावा.

2003 मध्ये सुरू झालेल्या जीर्णोद्धारानंतर 2008 मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले, आणि त्या कामाला 2005 मध्येच युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता. आपण जाल तेव्हा वरच्या मजल्यावरील मुंबईच्या दालनासाठी तासभर राखून ठेवा. बुधवारी संग्रहालय बंद असते.